लार्सनी : चोर कोणाला म्हणायचे?

न्यूयॉर्कमधल्या दुकानातून कोणी पैसे न देता शर्ट नेला, तर त्याच्यावरच्या आरोपपत्रात ‘थेफ्ट’ असे लिहिलेले नसते. तिथे शब्द असतो ‘पेटिट लार्सनी’. नेलेल्या मालाची किंमत एक हजार डॉलरच्या वर गेली की त्याच गुन्ह्याचे नाव ‘ग्रँड लार्सनी’ होते आणि शिक्षेची पायरी बदलते. थेफ्ट, रॉबरी, मर्डर हे शब्द मराठी वाचकाच्या कानावरून कधीचे गेले आहेत. लार्सनी मात्र अमेरिकेतली बातमी वाचताना, कायद्याच्या पाठ्यपुस्तकात किंवा एखाद्या जुन्या इंग्रजी कादंबरीत अचानक समोर येतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘चोरी’ असा सापडतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्यावर थांबले तर या शब्दाने काय काय घडवले ते कळत नाही. इंग्लंडमध्ये कित्येक शतके अशी अफरातफर चालत होती, की जिला गावातला कोणीही माणूस चोरीच म्हणाला असता, पण ती लार्सनी नव्हती म्हणून फौजदारी न्यायालयात तिला शिक्षाच नव्हती. त्याच काळात जी लार्सनी होती, तिच्यासाठी माणसे फासावर जात होती. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

आधी शब्दांची नाती पाहू. ‘थेफ्ट’ आणि ‘थीफ’ हे इंग्रजीतले जुने, मूळचे शब्द. ‘लार्सनी’ आला १०६६ नंतर, नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘लात्रोसिनियम’ म्हणजे दरोडेखोरी, आणि त्याच्याही मागे ‘लात्रो’. लात्रो म्हणजे आधी पगारी भाडोत्री शिपाई, मग लुटारू. पगार थकलेले सैनिक काय करतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा अर्थबदल समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडमध्ये कचेरीची भाषा फ्रेंच झाली आणि लोक घरी, बाजारात इंग्रजी बोलत राहिले. त्यामुळे एकाच कृत्याला दोन नावे मिळाली, लोकांचे एक आणि न्यायालयाचे एक. आजही कोणी मोबाइल गेला म्हणून तक्रार करताना बोलण्यात लार्सनी म्हणत नाही. हा शब्द क्रियापद म्हणून चालतही नाही. क्रिया सांगायची तर ‘स्टील’, गुन्ह्याचे नाव घ्यायचे तर लार्सनी.

शेजारचे शब्दही एकदा वेगळे करून ठेवलेले बरे, कारण बातम्यांत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. लार्सनीला बळाची किंवा धाकाची जोड मिळाली की ती रॉबरी. बर्गलरीत काही चोरीला जायलाच हवे असे नाही. जुन्या व्याख्येप्रमाणे रात्री दुसऱ्याच्या राहत्या घरात गुन्हा करण्याच्या हेतूने फोडून शिरले की बर्गलरी पुरी झाली. पाच किंवा अधिक जण मिळून रॉबरी करत असतील तर आपल्याकडच्या कायद्यात ती ‘डकॉइटी’, आणि हा शब्द मात्र इंग्रजीने आपल्याकडून उचलला आहे.

मग लार्सनी म्हणजे नेमके काय? जुन्या इंग्रजी कायद्याने तिच्याभोवती एकामागून एक अटी लावल्या होत्या. वस्तू जंगम हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात असायला हवी. त्याच्या संमतीशिवाय ती त्याच्या ताब्यातून घेतली गेली पाहिजे. ती जागेवरून हललेली हवी, मग इंचभर का असेना. आणि घेणाऱ्याचा हेतू ती मालकापासून कायमची हिरावण्याचा हवा. यातली एक अट जरी सुटली तरी लार्सनी होत नसे. या साऱ्यांत कळीची अट ताब्याची. मालकी कोणाची हे कायदा नंतर विचारी. आधी विचारी, वस्तू कोणाच्या हातातून गेली?

इतकी काटेकोर व्याख्या कशासाठी, याचे उत्तर शिक्षेत आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात एक रेषा दिसते : १२ पेन्स. चोरलेल्या वस्तूची किंमत त्याहून जास्त असेल तर ‘ग्रँड लार्सनी’, म्हणजे देहान्ताचा गुन्हा. १२ पेन्स किंवा कमी असेल तर ‘पेटी लार्सनी’, ज्याला फटके किंवा कैद. तेराव्या शतकात १२ पेन्स ही मजुराची बऱ्याच दिवसांची कमाई होती. पुढे नाण्याची किंमत घसरत गेली, मजुरी वाढत गेली, वस्तू महागल्या, पण ही रेषा हलली नाही. अठराव्या शतकात १२ पेन्स म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी, किंवा लंडनमध्ये तीही नाही. ज्या चोरीला आधी फटके मिळाले असते, ती कोणी काही न करता देहान्ताच्या रेषेपलीकडे सरकली. ही रेषा पुसली गेली १८२७ साली. मधे ५५२ वर्षे गेली.

एवढ्या काळात प्रत्येक चोराला फाशी दिली गेली असे नाही. इंग्रज समाजाने पळवाटा शोधल्या. त्यांतली पहिली ‘बेनिफिट ऑफ क्लर्जी’. धर्मगुरूंवर राजाच्या न्यायालयात देहान्ताची शिक्षा लागू नये, ही मुळात चर्चने मिळवलेली सवलत. धर्मगुरू कोण हे ओळखायची खूण म्हणजे वाचता येणे. त्यामुळे हळूहळू वाचता येणारा कोणीही ही सवलत मागू लागला. बहुधा बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राची सुरुवात वाचायला देत. लोक तिला ‘नेक व्हर्स’ म्हणत, म्हणजे मान वाचवणारे वचन. निरक्षरांनी ते पाठ करून ठेवले असेल, यात नवल ते काय? १४८९ मध्ये नियम झाला, की धर्मगुरू नसलेल्याला ही सवलत एकदाच मिळेल आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर डाग दिला जाईल. खुनी असेल तर ‘एम’ हे अक्षर, इतरांना ‘टी’. दुसऱ्यांदा पकडला गेला की न्यायाधीश आधी अंगठा बघत. वाचून दाखवण्याची परीक्षा १७०६ मध्ये रद्द झाली आणि सवलत पहिल्या गुन्ह्याला सर्वांनाच मिळू लागली; पुढे अशा अनेकांची रवानगी अमेरिकेतल्या वसाहतींत आणि नंतर ऑस्ट्रेलियात होत असे.

पण पार्लमेंटने दुसऱ्या बाजूने दोर आवळला. एकेका प्रकारच्या चोरीवरून ही सवलत काढून घेतली जाऊ लागली. खिसेकापूंवरून ती १५६५ मध्ये गेली. १६९९ च्या कायद्याने दुकानातून ५ शिलिंगांचा माल लपवून नेणाऱ्याला आणि १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून ४० शिलिंगांची वस्तू चोरणाऱ्याला देहान्त ठरवला. घोडा, मेंढी अशा चोऱ्या होत्याच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला देहान्ताच्या गुन्ह्यांची संख्या दोनशेच्या वर गेली होती.

हे ज्यांना प्रत्यक्ष अमलात आणावे लागे ते ज्युरीचे बारा जण. समोर उभी असलेली मोलकरीण, तिने नेलेली चांदीची वाटी, आणि वाटीची किंमत ४० शिलिंग भरली तर तिचा जीव जाणार. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयातल्या नोंदी वाचताना एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो : ३९ शिलिंग. उघड जास्त किमतीचा ऐवज ज्युरी शपथेवर ३९ शिलिंगांचा ठरवत. दुकानातल्या चोरीत हाच आकडा ५ शिलिंगांच्या थोडा खाली येई आणि साध्या चोरीत १० पेन्सांवर. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याला पुण्यशील खोटी साक्ष अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते इंग्रजीत रूढ झाले. मला ही नोंद इंग्रजी न्यायाच्या इतिहासातली फार मोलाची वाटते. कायद्याने बांधलेल्या साध्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी माणसाचा जीव आणि भांडे यांची तुलना करायला नकार दिला, आणि तो नकार मुकाट्याने आकड्यांत लिहून ठेवला.

कायदा बदलायला मात्र वेळ लागला. सॅम्युएल रोमिली या खासदाराच्या प्रयत्नाने १८०८ मध्ये खिसेकापूची फाशी रद्द झाली. दुकानातल्या ५ शिलिंगांच्या चोरीसाठीचे त्याचे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर होऊन १८१० मध्ये लॉर्ड्समध्ये पडले. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो विरोधात उभे होते. १८११ मध्ये मात्र एक विलक्षण अर्ज आला. कापड धुवून पांढरे करण्याच्या मैदानांच्या मालकांनीच मागणी केली, की आमचे कापड चोरणाऱ्याची फाशी काढा. फाशीच्या भीतीने ज्युरी कोणाला दोषीच ठरवत नाही आणि चोर मोकळे सुटतात. तो कायदा लगेच बदलला.

आता ताब्याच्या अटीकडे वळू. ही अटही काही प्रमाणात याच फासाच्या सावलीत वाढली. चुकीला देहान्त असेल तर न्यायाधीश व्याख्या ताणायला कचरणारच. पण तिचा फायदा कोणाला झाला हे पाहिले की मन खट्टू होते.

१४७३ मध्ये एका परदेशी व्यापाऱ्याने आपल्या मालाच्या गासड्या साउथॅम्प्टनला पोचवायला एका वाहतुकदाराकडे दिल्या. त्याने वाटेत गासड्या फोडल्या आणि आतला माल लांबवला. आपण म्हणू, यात विचार कसला करायचा? पण न्यायाधीशांपुढे खरा पेच होता. माल मालकाने स्वतःहून दिला होता, ताबा वाहतुकदाराकडेच होता, मग त्याने तो कोणाच्या ताब्यातून घेतला? चर्चा राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत, स्टार चेंबरपर्यंत गेली. परदेशी व्यापारी राजाच्या अभयपत्राखाली आलेला होता, त्यामुळे न्याय मिळाला नाही तर राजाचा शब्द खाली पडणार होता. शेवटी बहुमताने तोडगा निघाला : गासडी त्याच्या ताब्यात दिली होती, आतला माल नव्हे, गासडी फोडताक्षणी माल पुन्हा मालकाच्या ताब्यात आला असे समजायचे, आणि मग त्याने तो चोरला. जेरोम हॉल या अमेरिकी अभ्यासकाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात या निकालामागे वाढत्या व्यापाराची गरज कशी होती हे उलगडून दाखवले आहे. निकालाने त्या दिवसाचे काम भागले, पण त्यातून एक अजब नियम जन्माला आला आणि तो पुढे कित्येक शतके टिकला. गासडी फोडून मूठभर माल घेतला तर लार्सनी, आणि आख्खी गासडी न फोडता विकून टाकली तर नाही.

अशा गोष्टींची रांगच आहे. झाड जमिनीचा भाग, म्हणून ते तोडून तसेच नेले तर लार्सनी नाही. तोडून ठेवले, काही वेळाने परत येऊन नेले तर लार्सनी. छतावरच्या शिशाचे तसेच. कुत्रा ही हलकी मालमत्ता मानली गेल्यामुळे त्याची लार्सनी होत नसे. १७७० मध्ये कुत्र्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रेत कोणाच्याही मालकीचे नाही, म्हणून ते चोरीला जाऊ शकत नाही, पण त्यावरचे कफन चोरीला जाऊ शकते. कर्जरोखे आणि हुंड्या हे नुसते कागद ठरत, कारण त्यांची किंमत कागदात नसून येणे असलेल्या रकमेत आहे. तेही १७२९ मध्ये कायद्याने दुरुस्त केले.

अठराव्या शतकात लंडन पैशांच्या व्यवहाराचे केंद्र होत गेले आणि ताब्याच्या अटीचे दोष उघडे पडू लागले. १७७९ मध्ये पेअर नावाच्या माणसाने सटनला जाऊन यायला म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि त्याच दिवशी विकला. घोडा मालकाने राजीखुशीने दिला होता. न्यायाधीशांनी ठरवले, की सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, म्हणून मालकाने खरा ताबा सोडलाच नाही. ही युक्तीने केलेली लार्सनी. वीस वर्षांनी, १७९९ मध्ये, मात्र युक्तिवाद अपुरा पडला. बेझली नावाच्या बँकेतल्या कारकुनाला एका ग्राहकाने खात्यात भरायला १०० पौंडांची नोट दिली. त्याने ती खणात टाकण्याऐवजी खिशात घातली. नोट बँकेच्या खणात क्षणभर पडून मग त्याने उचलली असती तर ती लार्सनी झाली असती. पण नोट बँकेच्या ताब्यात पोचलीच नव्हती, म्हणून ती बँकेच्या ताब्यातून जाणार कशी? कारकून सुटला. बँकवाले हादरले आणि त्याच वर्षी पार्लमेंटने ‘एम्बेझलमेंट’चा कायदा केला. मालकासाठी आलेला पैसा नोकराने मधल्यामध्ये गिळला तर तो गुन्हा. खोटे बोलून माल मिळवण्याचा कायदा १७५७ मध्येच झाला होता. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू लाटणारा आणि दुसऱ्याच्या इस्टेटीचा विश्वस्त होऊन ती खाणारा, हे दोघे सर्वसाधारणपणे गुन्हेगार ठरले ते थेट १८५७ मध्ये.

हे साल मला सगळ्यात बोचते. मोलकरणीने नेलेल्या ४० शिलिंगांच्या वाटीवर देहान्त लिहिलेला होता त्या काळात, पोरक्या मुलांची इस्टेट गिळंकृत करणाऱ्या विश्वस्तावर फक्त दिवाणी दावा होऊ शकत होता. विश्वस्त व्हायला मुळात घरदार, ओळखी, प्रतिष्ठा लागे. दुकानातून लेस उचलायला यातले काहीच लागत नाही. कायदा कोणाचे नाव घेऊन लिहिलेला नव्हता. पण ‘ताब्यातून उचलणे’ एवढेच पाप मानले की ज्याच्या हातात दुसऱ्याने विश्वासाने काही दिलेले असते तो आपोआप बाहेर राहतो, आणि ज्याच्याकडे कोणी काही सोपवत नाही तोच चोर ठरतो.

या पार्श्वभूमीवर भारताकडे पाहावे. १८६२ पूर्वी मुंबई शहरात, म्हणजे १८२४ मध्ये सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत, इंग्रजी फौजदारी कायदा चालत होता, लार्सनीसकट. ठाण्यापुण्याकडे मात्र गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात केलेला मुंबई इलाख्याचा १८२७ चा १४ वा रेग्युलेशन लागू होता. म्हणजे एकाच इलाख्यात खाडी ओलांडली की चोरीची व्याख्या बदले. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली जो कायदा आयोग बसला त्यात मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी जॉर्ज अँडरसन हेही एक सदस्य होते. या आयोगाचा भारतीय दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार झाला, दोन दशके पडून राहिला, १८६० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. मेकॉलेच्या शिक्षणविषयक मतांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातला राग रास्तही आहे. पण चोरीच्या कलमांत त्याने केलेले काम मला आदराने पाहावेसे वाटते. त्याने लार्सनी हा शब्दच घेतला नाही. साडेपाचशे वर्षांच्या निकालांचे ओझे त्या शब्दाबरोबर आले असते. त्याने साधा ‘थेफ्ट’ घेतला आणि कलम ३७८ मध्ये त्याची व्याख्या नव्याने लिहिली.

त्या कलमाखालची उदाहरणे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, पण ती सर्वांनीच वाचावीत अशी आहेत. ‘क’ ने ‘य’ च्या जमिनीवरचे झाड नेण्यासाठी तोडले : झाड जमिनीपासून सुटताच चोरी. ‘क’ ने खिशात आमिष ठेवून ‘य’ चा कुत्रा मागे यायला लावला : कुत्रा चालू लागताच चोरी. ‘क’ ला वाटेत खजिन्याची पेटी लादलेला बैल दिसला आणि त्याने तो आपल्या दिशेने हाकला : बैल हलताच चोरी. एकेका उदाहरणात इंग्लंडमधला एकेक जुना वाद निकालात काढलेला आहे. सगळ्यात मार्मिक उदाहरण घड्याळाचे. ‘क’ ने आपले घड्याळ दुरुस्तीला दिले, मजुरी दिली नाही, आणि कारागिराने ते पैशांच्या हमीसाठी अडवून ठेवलेले असताना बुडवण्याच्या हेतूने परत उचलले, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी केल्याबद्दल तो दोषी. ताब्याचे तत्त्व मेकॉलेने टाकले नाही. ते ठेवले, आणि त्याच्या चारही बाजूंनी कुंपण पुरे केले. नोकर किंवा कारकून मालकाच्या वतीने जे जवळ बाळगतो ते मालकाच्याच ताब्यात समजायचे, असे कलम २७ ने सांगून टाकले. कलम ३८१ मध्ये नोकराच्या चोरीला सात वर्षे. रस्त्यात सापडलेली अंगठी दडपणे हा अपहार, कलम ४०३. विश्वासाने दिलेली वस्तू खाणे हा विश्वासघात, कलम ४०५. फसवून घेणे ही ठकवणूक. तिचे कलम ४२० तर मराठीत विशेषण होऊन बसले आहे.

आणि शिक्षा? साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. बँकर, अडत्या, लोकसेवक यांनी केलेल्या विश्वासघाताला, कलम ४०९ प्रमाणे, जन्मठेपेपर्यंत. ज्याच्यावर जास्त भरवसा टाकलेला आहे त्याचा गुन्हा जास्त मोठा, हे या संहितेने १८६० मध्येच स्वच्छ लिहिले. प्रत्यक्षात या कलमाखाली किती जण तुरुंगात पोचले हा वेगळा आणि क्लेशदायक विषय आहे.

इंग्लंडमध्ये लार्सनी त्यानंतरही शंभर वर्षे जगली. १८६१ आणि १९१६ च्या लार्सनी कायद्यांनी ठिगळे एकत्र शिवली, पण कापड जुनेच राहिले. १८८५ मध्ये एका माणसाने अंधारात मित्राकडे एक शिलिंग उसना मागितला. मित्राने चुकून सोन्याचा सॉव्हरिन दिला, म्हणजे वीस शिलिंग. घेणाऱ्याला ते नंतर कळले आणि त्याने नाणे मोडून खाल्ले. हा चोर का? त्याच्या हातात नाणे पडले तेव्हा ताबा त्याला मिळाला की चूक कळल्यावर मिळाला? चौदा न्यायाधीश बसले आणि सात विरुद्ध सात असे विभागले गेले. त्यामुळे आधीची शिक्षा तशीच राहिली.

शेवटचा मोठा धक्का एका चित्राने दिला. २१ ऑगस्ट १९६१ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गोयाने काढलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे चित्र नाहीसे झाले. ते नुकतेच १,४०,००० पौंडांना देशासाठी राखून ठेवले होते. पत्रे येऊ लागली, की तेवढीच रक्कम गरिबांच्या टीव्ही परवान्यांसाठी द्या, चित्र परत मिळेल. १९६५ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या स्टेशनवरच्या सामानघरात सापडले आणि केम्प्टन बंटन हा न्यूकॅसलचा पेन्शनर स्वतःहून पोलिसांकडे गेला. १९१६ च्या कायद्यात हेतू कायमचा हिरावण्याचा असावा लागे, आणि बंटनच्या वकिलाचे म्हणणे असे, की चित्र परत करायचेच होते. ज्युरीने ते मान्य केले. चित्राच्या चोरीतून बंटन निर्दोष सुटला. चौकट मात्र कधीच परत आली नाही, म्हणून चौकटीच्या चोरीबद्दल तीन महिने कैद. चित्र प्रत्यक्षात त्याच्या मुलाने नेले होते, हे पुष्कळ वर्षांनी उघड झाले.

याच काळात भारतात उलट निकाल लागला होता. १९५२ मध्ये हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीने जोधपूरच्या तळावरून परवानगीशिवाय हार्वर्ड विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरवले. विमान ठेवून घ्यायचे नव्हते, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले, की आपल्या संहितेत कायमचे हिरावण्याची अट नाही. तात्पुरता गैरलाभ आणि दुसऱ्याची तात्पुरती गैरहानी एवढ्यानेही चोरी होते. पुढे एका सरकारी फाइलच्या खटल्यातही हेच तत्त्व लागू झाले : फाइल घरी नेली, त्यातले कागद बदलू दिले, दुसऱ्या दिवशी परत ठेवली, तरी चोरीच. दुसऱ्याची गाडी विचारल्याशिवाय ‘फेरी मारायला’ नेणाऱ्या पोरांना हे माहीत असायला हवे.

इंग्लंडने १९६८ च्या थेफ्ट कायद्याने लार्सनी संपवली. १ जानेवारी १९६९ पासून तो शब्द तिथल्या फौजदारी कायद्यातून गेला. ताब्याऐवजी मालमत्तेवरचा दुसऱ्याचा हक्क बेइमानीने बळकावणे हा गाभा ठरला. सार्वजनिक संग्रहालयातली वस्तू नुसती बाहेर नेणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला. ते कलम ११ गोयाच्या चित्रामुळेच आले. तरी कायमचे हिरावण्याची अट त्यांनी ठेवली, आणि नवा प्रश्नही लवकरच आला. लिव्हरपूल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेची प्रश्नपत्रिका आधी मिळवून वाचली. कागद ठेवून घ्यायचा त्याचा हेतू नव्हता. १९७८ च्या निकालात न्यायालय म्हणाले, की प्रश्नपत्रिकेतली माहिती ही मालमत्ता नव्हे, म्हणून चोरी नाही. आयर्लंडने लार्सनी २००१ मध्ये सोडली. अमेरिकेत १९६२ च्या आदर्श दंड संहितेने ‘थेफ्ट’ सुचवल्यावर कित्येक राज्यांनी तो घेतला, पण न्यूयॉर्क, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स यांनी जुने नाव चालू ठेवले. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी ‘पेटिट लार्सनी’ म्हणजे किरकोळ दंडाचा विषय असे समजू नये. तो फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसाच्या अर्जात त्याची नोंद वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

किमतीची रेषा आपल्या दंड संहितेतल्या चोरीच्या कलमात नव्हती. दहा रुपयांच्या आणि दहा लाखांच्या चोरीला कमाल शिक्षा एकच, पुढचे न्यायाधीशाने तारतम्याने ठरवायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ३०३ मध्ये ती आणली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने चोरलेला ऐवज ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल आणि त्याने तो किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा. ही रेषा दयेसाठी आखलेली आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. जुनी सायकल, साधा मोबाइल, घरातले पितळी भांडे आज तिच्या आत बसते. पण रक्कम कलमात आकड्यानेच लिहिली आहे, आणि महागाईबरोबर ती वाढण्याची काही सोय त्यात नाही. ती वाढवायची तर संसदेला कायदा दुरुस्त करावा लागेल. ठरावीक वर्षांनी अधिसूचना काढून ही मर्यादा वाढवता येईल असे एक पोटकलम त्याला जोडायला हवे, म्हणजे आज ज्या चोरीला झाडू आणि फावडे पुरेसे मानले आहे, ती आणखी पंधरा वर्षांनी केवळ भाव वाढल्यामुळे तुरुंगाच्या रांगेत जाऊन बसणार नाही.